आम्ही परदेशी नेमके कुठं होतो?

चीनमध्ये सहा वर्षं राहून आलो म्हटलं की गावाकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिथं साप-बेडूक खाल्ले का? दुसरा प्रश्न : परक्या मुलखात कसं निभावलं? पहिल्याचं उत्तर 'नाही' एवढंच आहे. दुसऱ्याला मात्र आम्ही आजवर धड उत्तर दिलेलं नाही. आपला मुलूख कोणता आणि परका कोणता, हे आधी कुणी ठरवलं, असा उलटा प्रश्न आमच्या मनात येतो आणि तो चहाच्या टपरीवर विचारण्यासारखा नसतो. म्हणून इथं लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे दोघं मावसभाऊ. एक धारूर तालुक्यातला, एक केज तालुक्यातला. एकाचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दुसऱ्याचे एसटीत कंडक्टर. महाराष्ट्रातल्या खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांचे आकडे ऐकून दोघांच्याही वडिलांनी हात टेकले होते. मग कर्ज काढून २०१३ साली आम्ही हेनान प्रांतातल्या झेंगझोऊ शहरात एमबीबीएसला गेलो. त्या काळात हजारो भारतीय पोरं चीनमध्ये शिकत होती, त्यातली बहुतेक मेडिकललाच. म्हणजे आम्ही काही जगावेगळं केलं नाही.

परदेशी म्हणून राहणं म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांकडं नोंद. पासपोर्टची झेरॉक्स, फोटो, राहायचा पत्ता. मग दरवर्षी निवास परवाना. रस्त्यानं चाललो की लहान पोरं 'वाइगुओरन, वाइगुओरन' म्हणून ओरडत. म्हणजे बाहेरच्या देशाचा माणूस. बसमध्ये म्हाताऱ्या बाया आमच्या हाताची कातडी निरखून बघत. एकीनं तर बोट घासून पाहिलं. राग यायचा. पण एक गोष्ट खरी की जे होतं ते तोंडावर होतं. तू बाहेरचा, ही तुझी पावती, हा तुझा शिक्का. भाजीवाली आमच्या हातातून पैसे घेताना आपला हात वर धरत नव्हती. खानावळीत एकाच भांड्यात सगळ्यांच्या काड्या बुडायच्या, आमच्याही.

हात आखडला तो दुसरीकडं. भारतीय पोरांनी मिळून एक मेस चालवायला घेतली होती. तिथं पहिल्या आठवड्यात एका मराठी सीनियरनं विचारलं, "पूर्ण नाव काय?" सांगितलं. "गाव कोणतं?" सांगितलं. "गावात कुठं राहता, वेशीच्या आत की बाहेर?" महिन्याभरात आमचं मेसमधलं नाव 'कोट्यातले' असं पडलं. वाचकांनी इथं क्षणभर थांबावं. चीनमध्ये आमच्यासाठी कसलं आरक्षण? सगळ्यांनी तीच फी भरली होती, तीही कर्ज काढून. बारावीचे मार्क आमचे त्या सीनियरपेक्षा जास्त होते. तरी आम्ही कोट्यातले. आरक्षणामुळं जातीयता टिकून आहे असं म्हणणाऱ्यांनी या मेसचा विचार करावा. तिथं आरक्षण नव्हतं, आणि जात होती. विमानात सामानाचं वजन करतात, हिचं करत नाहीत.

आता वसंताकडं येऊ. आमच्या बालाघाटात वसंत म्हणजे उघड्या माळावर पेटलेला पळस, आटलेली विहीर आणि टँकरची वाट. हेनानमध्ये तो खरोखरच हिरवा असतो. मार्चअखेर शहरातल्या झाडांचा कापूस हवेत उडायला लागतो, नाकातोंडात जातो, सगळे शिंकत असतात. एप्रिलच्या चार-पाच तारखेला छिंगमिंग येतो. त्या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायचं, माती घालायची, कागदी नोटा जाळायच्या. आणि त्याच सुट्टीत बाहेर हिंडायला जायचं. त्या हिंडण्याला ते 'ताछिंग' म्हणतात, म्हणजे हिरवळ तुडवणं. मेलेल्यांची आठवण आणि सहल एकाच दिवशी, हे सुरुवातीला विचित्र वाटलं. मग आमच्या लक्षात आलं की आपणही एक जानेवारीला भीमा कोरेगावला डबे बांधून जातोच की.

२०१६ च्या छिंगमिंगला आमच्या भाषेच्या बाईंनी, म्हणजे लाओशींनी, आम्हा दोघांना त्यांच्या गावी नेलं. झेंगझोऊच्या दक्षिणेला बसनं तीन तास. दोन्ही बाजूंना गहू, आणि गव्हाच्या मधोमध मातीचे उंचवटे. ती त्यांची थडगी. प्रत्येक घराची आपापल्या वाट्याच्या रानात. गावात तरुण माणूस दिसत नव्हता. लाओशींचा भाऊ-भावजय दक्षिणेत ग्वांगदोंगच्या कारखान्यात, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आजीजवळ. शेजारच्या घरातही तसंच. चिनी नवं वर्ष झालं की सगळे परत कामावर गेलेले.

आम्हाला हे चित्र नवं नव्हतं. हेनान म्हणजे चीनचा बीड जिल्हा. इथूनही लोक लोंढ्यानं बाहेर पडतात, आणि इथल्या लोकांनाही शहरातले नावं ठेवतात. फरक ऋतूचा. आमच्याकडं दिवाळीच्या आसपास कोयता गेला की गाव रिकामं होतं, आणि कारखान्याचा पट्टा पडला की चैत्रात भरतं. त्यांच्याकडं वसंत आला की गाव रिकामं. तो आठ वर्षांचा मुलगा आमच्यामागं पतंग घेऊन दिवसभर फिरत होता. आमच्यातल्या एकाचे काका-काकू कोयत्यावर जातात, त्यांचा पोरगा असाच आजीकडं वाढला. त्याचा चेहरा सारखा समोर येत होता.

आजीनं एल्म नावाच्या झाडाच्या कोवळ्या, नाण्यासारख्या गोल बिया गव्हाच्या पिठात घोळून वाफवल्या होत्या, वर ठेचलेला लसूण. आपण पीठ पेरून पालेभाजी करतो अगदी तशी चव. दुष्काळात हेच खाऊन जगलो, असं आजीनं सांगितलं. आमच्या आजीनंही बहात्तरच्या दुष्काळातल्या तरोट्याच्या भाजीबद्दल हेच सांगितलं होतं.

जेवताना आजीनं लाओशींना काहीतरी विचारलं. लाओशी अवघडल्या. आम्हाला शब्द कळला होता : जोंगशिंग. म्हणजे जात, वर्ण. चिनी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भारताच्या धड्यात हा शब्द येतो, त्यामुळं भारतीय दिसला की पुष्कळजण सहज विचारतात. आजीच्या विचारण्यात वाकडं काही नव्हतं. आपण पाऊस कसा आहे विचारतो तसं तिनं विचारलं.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मग आमच्यातला एक म्हणाला, "आम्ही बौद्ध आहोत." आजी खूश झाली, तिनं वाटीत आणखी भाजी घातली. विषय संपला.

आमच्यासाठी संपला नाही. परतीच्या बसमध्ये आमचं कडाक्याचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, तू लपवलंस. तिला सांगायचं होतं की धड्यातल्या चार वर्णांच्याही बाहेर ज्यांना ठेवलं ती माणसं आज तुझ्या ताटात जेवताहेत. दुसऱ्याचं म्हणणं, मी लपवलं नाही, खरं ते सांगितलं. १९५६ साली नागपुरात आपल्या आजोबांनी ते उत्तर स्वीकारलं, मग मी पुन्हा त्यांच्याच वहीत माझं नाव का शोधू? पहिला म्हणाला, मग मेसमध्ये तेच उत्तर का देत नाहीस, तिथं गप्प का बसतोस? याला उत्तर नव्हतं. हा वाद आपल्या चळवळीत नवा नाही, आणि तो आमच्यात आजही मिटलेला नाही. पण तो सुमारे चार हजार किलोमीटरवर एका म्हातारीच्या साध्या प्रश्नानं उकरून निघाला, हे नोंदवून ठेवतो.

दहा दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. खोलीत निळा कागद लावला, फोटोला हार घातला, पाचजण जमलो. दार लावून घेतलं होतं. कारण त्या देशात परदेशी माणसांनी काय, तिथल्या नागरिकांनीही परवानगीशिवाय मिरवणूक काढणं शक्य नाही. चीनचं कौतुक करणाऱ्या आपल्या काही डाव्या मित्रांनी हेही ऐकावं. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना हुकूमशाहीबद्दल जो इशारा दिला, तो आम्हाला त्या बंद दाराआड नीट समजला. त्याच रात्री फोनवर घरून कळलं की लातूरला रेल्वेनं पाणी आलंय आणि आपल्या गावात टँकर चौथ्या दिवशी येतो. पाठीमागं डीजेचा आवाज येत होता. पाणी नव्हतं, पण मिरवणूक रस्त्यावरून चालली होती.

त्या शनिवारी मेसमधल्या सगळ्यांची सहल लुओयांगला निघाली. फास्ट ट्रेननं पाऊण तासाच्या आत. एप्रिलमध्ये तिथं मूदान फुलतं, आपल्या वाटीएवढं नाही, ताटलीएवढं फूल. बागेत इतकी गर्दी की फुलापेक्षा मोबाइल जास्त दिसत होते. आम्हाला ओढ होती ती श्वेताश्व विहाराची. परंपरेनुसार इसवी सन ६८ मध्ये तो बांधला गेला, काश्यप मातंग आणि धर्मरत्न या दोन भारतीय भिक्खूंसाठी. दोघांच्या समाधी आवारातच आहेत, गवत वाढलेले मातीचे गोल उंचवटे. कुणीतरी छिंगमिंगला फुलं ठेवली होती, ती सुकली होती. दोन परदेशी माणसांची थडगी इतकी शतकं जपलेली.

शेजारीच सांचीच्या स्तूपासारखं भारतीय विहार आहे. २०१० साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथं मेसमधल्या पोरांनी भराभर सेल्फी काढले. "बघा, आपली संस्कृती," असं तो सीनियर चिनी मुलींना सांगत होता. जयंतीचं बोलावणं त्याला होतं. तो आला नव्हता.

चीनमध्ये भेदभाव नाही असं आम्ही म्हणत नाही. तिथं १९५८ पासून हुकोऊ नावाची नोंदवही आहे. माणूस खेड्याचा की शहराचा हे तीत जन्मतः लिहिलं जायचं, आणि लाओशींच्या भाच्याला आईबापांजवळ शहरातल्या शाळेत जाता येत नव्हतं ते मुख्यतः त्यामुळंच. आम्हाला त्यात जातीचा वास आला. पण हुकोऊ कायद्यानं लिहिली, कायद्यानं थोडी थोडी सैल केली. लाओशींनी स्वतः पदवीच्या जोरावर शहराची हुकोऊ मिळवली, आणि मग त्यांना कुणी मागचं विचारलं नाही. एमबीबीएस झाल्यावर आमचं मागचं विचारणं थांबलं का?

आणि नोंदीचंच म्हणाल तर आमचे काका-काकू दरसाल उचल घेऊन मुकादमामागं कर्नाटकात जातात. पाच महिने कोपीत राहतात. परराज्यात जाणाऱ्या मजुरांची नोंद ठेवण्याचा कायदा १९७९ सालीच झाला होता. आम्हा परदेश्यांची नोंद चीननं चोवीस तासांत केली, काकूची तिच्याच देशात कुणी केली नाही. २०१९ मध्ये आम्ही परतलो तेव्हा ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजत होती. सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडू नये म्हणून. काकूही त्यात आहे. तिचं वय तेव्हा छत्तीस होतं. नंतर महामंडळ आलं, ओळखपत्रांची मोहीम निघाली. काकूचं कार्ड अजून आलेलं नाही.

लाओशींशी संपर्क २०२० साली तुटला. आपल्या सरकारनं वीचॅट बंद केलं, आणि त्यांचा दुसरा कुठलाच पत्ता आमच्याकडं नव्हता.

त्या गव्हातल्या थडग्यांचं मात्र मनातून जात नाही. तिथंही सगळं गोड नाही. २०१२ मध्ये त्याच प्रांतातल्या चोऊकोऊत सरकारनं नांगरटीची जमीन वाढवायची म्हणून लाखो थडगी सपाट केली, आणि लोकांनी त्यातली पुष्कळ पुन्हा उभी केली. पण वाद होता तो सरकारशी. शेजाऱ्याशी नव्हता. आमचे आबा वारले तेव्हा पावसाळा होता. आमची स्मशानाची जागा ओढ्यापलीकडं, वाट दुसऱ्याच्या रानातून. वाट अडवली गेली, आणि आबा चार तास दारात होते. ज्या गायरानाच्या तुकड्यावर आबांनी आयुष्य घातलं, तोही अजून आमच्या नावावर नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. आबांची पेरणी त्याच्या कितीतरी आधीची.

यंदा पाच एप्रिलला आम्ही दोघं खुरपं घेऊन आबांच्या जागेवर गेलो. काका-काकू दोन दिवसांपूर्वीच परतले होते, तेही आले. रानाचे मालक बांधावर उभे होते. आम्हाला पाहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब होय, जा की. तुम्हाला कोण अडवतंय?" काकू मागं होती. ती वाट सोडून ओढ्यातून आली.

वाटेसाठीचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा दिला. पोच घेतली आहे.