जतन

'कॅसेट' हा शब्द मराठीत दोन पिढ्यांनी दोन अर्थांनी वापरला. आधीच्या पिढीची कॅसेट गाण्यांची होती. नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांची कॅसेट म्हणजे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये खुपसायची प्लास्टिकची वडी. चालेनाशी झाली की बाहेर काढायची, तोंडाने फुंकर घालायची आणि पुन्हा दाबून बसवायची. तिच्यावर '९९९९ इन वन' असे ठसठशीत छापलेले असे आणि आत पाहावे तर मोजके पंधरा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा भेटत. छापील आकडा आणि आतला ऐवज यांतले हे अंतर त्या मुलांना कोणत्याही समीक्षकाच्या आधी कळले होते.

त्याच कॅसेटच्या वंशातले एक कार्ड निवडण्याचे काम मध्यंतरी आमच्याकडे आले. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो खरा. पण या निवडीत मूळ प्रत, नक्कल, पाठभेद आणि मालकी हे आपले नेहमीचेच प्रश्न वेगळ्या वेषात समोर उभे राहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

केदारखेडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले पूर्णाकाठचे गाव. तिथे आमची बहीण दिलेली आहे. तिचा मुलगा सातवीत आहे. परदेशी राहणाऱ्या एका नातलगाने स्वतःच्या मुलाचा जुना निन्टेन्डो डीएस लाइट त्याला दिला. हे २००६ सालचे यंत्र: दोन पडदे, पुस्तकासारखे मिटणारे, खालचा पडदा काडीने टोचून चालवायचा. यंत्र धडधाकट होते, पण त्यासोबत खेळाचे एकही कार्ड नव्हते. या यंत्राची मूळ कार्डे तयार होणे केव्हाच बंद झाले आहे. भोकरदन-जालन्याच्या दुकानांत ती मिळण्याचा प्रश्नच नाही. राहता राहिले ते फ्लॅश कार्ड. मूळ कार्डाच्याच आकाराची ही एक रिकामी वडी असते. तिच्यात नखाएवढे मायक्रोएसडी कार्ड बसवायचे, त्यात संगणकावरून खेळांच्या फाइली भरायच्या, आणि यंत्राला वाटते की आपल्या पोटात अस्सल कार्डच आहे.

गावाला ही कल्पना नवी नव्हती. पंधरा वर्षांमागे मराठवाड्यातल्या कोणत्याही बसस्थानकाशेजारी मोबाइलच्या दुकानात 'कार्ड भरून मिळेल' अशी पाटी असे. दोन जीबीचे कार्ड दुकानदाराच्या हाती द्यायचे. तो आपल्या संगणकातून कीर्तने, भीमगीते, लावण्या, हिंदी चित्रपट आणि शे-दीडशे खेळ त्यात ओतून देई. काय भरायचे हे ग्राहकाने क्वचितच सांगितले असेल. निवड दुकानदाराची. एका अर्थी तो आपल्या पंचक्रोशीचा संपादकच होता, आणि त्याने संपादलेला संग्रह हजारो खिशांतून वाजत होता. त्याची नोंद मात्र कोणत्याही वाङ्मयेतिहासात होणार नाही.

तेव्हा भाच्याचा पहिला प्रश्न त्या परंपरेला धरूनच होता. "मामा, दोनशे गेमं बसतेत का ह्यात?" दाजी ओसरीवर बसून ऐकत होते. "कापसाला भाव नाही, अन् ह्याला दोनशे गेम पाहिजेत," एवढेच ते म्हणाले. दोघांनाही मोजमाप संख्येचे होते. एकाला ती थोडी वाटत होती, दुसऱ्याला फार.

बाजारात शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, ज्याला सगळे 'आर-फोर' म्हणतात ते आर-फोर आता कोठेही नाही. २००७च्या सुमारास गाजलेल्या मूळ कार्डाच्या निर्मात्यांनी केव्हाच हात आखडता घेतला. आज त्या नावाने जे विकले जाते त्या साऱ्या नकला आहेत, आणि गंमत अशी की नक्कल करण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूच्या या नकला आहेत. मूळ आर-फोरला दोन जीबीपलीकडचे कार्ड वाचता येत नसे. नंतरच्या वाणांना बत्तीस जीबीपर्यंत चालते. वेष्टनावर सोनेरी अक्षरे, साल, 'प्रो', 'प्लस' अशी बिरुदे असतात. आत मात्र बहुधा तीच चकती आणि तीच आज्ञावली. यांतल्या काही नकलांच्या आज्ञावलीत तारखेचा सापळाही दडवलेला असतो: ठरावीक दिवस उलटला की कार्ड उघडत नाही, म्हणजे ग्राहकाने नवे घ्यावे. त्यावर जाणकारांचा तोडगा असा की यंत्राचे घड्याळ मागे न्यावे. खेळायचे तर भूतकाळात राहावे लागते.

मायक्रोएसडीचीही तीच कथा. बत्तीस जीबी म्हणून विकलेले कार्ड आत चारच जीबीचे निघू शकते; संगणकाला ते बत्तीस सांगते, पण चारानंतर भरलेले सारे हवेत विरते किंवा आधीच्यावर लिहिले जाते. म्हणून जाणते लोक नवे कार्ड आणले की आधी ते काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात. '९९९९ इन वन'चीच ही सुधारलेली आवृत्ती.

महानुभाव परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली आणि पुढे स्मरणाच्या आधारे तिचे पाठ सिद्ध झाले. म्हणूनच आज आपल्या हाती एक पोथी नसून पाठांचे कुटुंब आहे. त्याच परंपरेने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती कोंडी फोडेपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते बंदच होते. खेळांच्या कंपन्याही आपला ऐवज अशाच सांकेतिक कड्यांत ठेवतात. 'ड्रॅगन क्वेस्ट ५' हा खेळ २००८ मध्ये जपानात डीएसवर आला तेव्हा त्यात एक युक्ती होती. नकली कार्डावरून खेळ चालवला तर आरंभीचे जहाज बंदराला लागतच नसे. समुद्र संपत नाही, किनारा येत नाही, आणि खेळाडूला बराच वेळ वाटत राहते की हा कथेचाच भाग असावा. नक्कल ओळखणारी संहिता आपल्या पाठभेदशास्त्राने पाहिली नव्हती.

कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००९ मध्ये आणि लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा कार्डांच्या विक्रेत्यांविरुद्ध निन्टेन्डोच्या बाजूने निकाल दिले. आपल्याकडे प्रताधिकार अधिनियम १९५७ मध्ये २०१२च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आले. अधिकारभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कलमाचा भर हेतूवर आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षी ऑक्सफर्ड, केम्ब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला. आपल्यापैकी किती जणांचे एम. ए. झेरॉक्सवर झाले, हे इथे विचारायला नको. ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही तिथल्या विद्यार्थ्याला 'मूळ प्रत विकत घे' असे सांगणे सोपे आहे. ती कुठे मिळेल हे मात्र सांगता येत नाही.

खेळांची स्थिती तर पुस्तकांहून बिकट आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कोणत्याही अधिकृत मार्गाने विकत मिळत नाहीत. निर्माता विकत नाही, ग्रंथालय ठेवत नाही. अशा वेळी नक्कल ही लूट आहे की जपणूक, याचे एकच उत्तर देणे आम्हाला जमत नाही. जे अजून विकत मिळते ते विकतच घ्यावे आणि ज्यांच्या कर्त्यांनी आपण होऊन मोफत वाटले असे हौशी रचनाकारांचे खेळ मनमोकळेपणाने भरावेत, इतपत नेम आम्ही घरापुरता केला. उरलेल्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पण कार्ड कोणते, हा प्रश्न यातून सुटत नव्हता. तो सुटला भाच्याने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाने. "मी जितकं खेळलो तितकं कुठं ऱ्हातं?"

मूळ कार्डात खेळाडूची प्रगती कार्डातल्याच एका चिपमध्ये राहते. फ्लॅश कार्डात मात्र ती मायक्रोएसडीवर, खेळाच्या फाइलीशेजारी एका छोट्या वेगळ्या फाइलीत लिहिली जाते. खेळाची फाइल कितीही मोठी असो, ही असते किरकोळ आकाराची. खेळाच्या जगभर लाखो तंतोतंत सारख्या प्रती असतील. या फाइलीची दुसरी प्रत कोठेही नाही. कोणत्या दारापर्यंत तो पोचला, कोणत्या वळणावर सात वेळा हरला, पात्राला त्याने कोणते नाव दिले (आजोबांचे दिले होते), हे सारे तिच्यात. त्या संपूर्ण नकली ऐवजात अस्सल म्हणावे असे एवढेच. आणि हलक्या कार्डांवर सर्वांत आधी नासते तीही हीच. खेळ पुन्हा भरता येतो, महिनाभराचा खेळ भरता येत नाही.

झेरॉक्स केलेल्या पुस्तकाचेही असेच नाही काय? मजकूर नकलेचा, पण समासातली पेन्सिल आपली. मूळ ग्रंथ ग्रंथालयात सुखरूप असतो; वाचकाचे वाचन मात्र त्या पिवळ्या पडलेल्या, कडा दुमडलेल्या गठ्ठ्यातच असते, आणि घर बदलताना आपण रद्दीत देतो तो नेमका तोच गठ्ठा.

एवढे कळल्यावर निवड सोपी झाली. किती खेळ बसतात हे आम्ही विचारणे सोडले. ज्याची आज्ञावली उघड आहे, जिच्यात तारखेचा सापळा नाही आणि जे खेळाडूची फाइल साध्या नावाने, संगणकावर उचलून ठेवता येईल अशी लिहिते, ते कार्ड घेतले. मायक्रोएसडी आठच जीबीचे, पण नावाजलेल्या बनावटीचे, काठोकाठ भरून तपासलेले. त्यात दहा खेळ. दहाच का, यावर थोडा तंटा झाला. दोनशे असले की कोणताही खेळ पहिल्या हरण्यापलीकडे जात नाही, हा अनुभव भाच्याच्याच वर्गमित्राच्या मोबाइलवरून सिद्ध करता आला. दहा कोणते हे मात्र आम्ही ठरवले नाही. जपानात २००७ मध्ये याच यंत्रासाठी शंभर साहित्यकृतींचे एक कार्ड निघाले होते, इंग्लंडात २००८ मध्ये शंभर अभिजात पुस्तकांचे. तिथेही कुणीतरी शंभरांत कोण बसणार हे ठरवलेच होते. अभ्यासमंडळात आपण तेच करतो आणि विद्यार्थ्याला भरलेले कार्ड हाती देतो. इथे निदान निवडणारा आणि खेळणारा एकच असावा, असे वाटले.

आता महिन्यातून एकदा भाचा भोकरदनला येतो तेव्हा कार्ड सोबत आणतो. आम्ही त्या दहा छोट्या फाइली आमच्या संगणकात तारखेनिशी ठेवतो. संगणकाच्या मराठी अवतारात 'सेव्ह'ला 'जतन' हा शब्द योजला आहे. हा जुना शब्द संस्कृत 'यत्न'पासून आला. म्हणजे जतन होते ते आपोआप नव्हे, यत्नाने. दाजींनी परवा विचारले की एवढे काय असते त्यात. भाच्याने सांगितले, "आबांचा किल्ला." त्यावर दाजी काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी वीज जाण्याआधी यंत्र चार्जिंगला त्यांनीच लावले.