कोंड्याचा मांडा

'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचार मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी वाक्यात उपयोग करून दाखवलेला असतो. अर्थ ठरलेला: हाताशी असलेल्या निकृष्ट वस्तूतून काही उत्तम साधणे, ओढगस्तीतही संसार नेटका करणे. वाक्यही जवळजवळ ठरलेलेच. त्यात एक आई असते, ती गरीब असते आणि कोंड्याचा मांडा करून ती मुलांना मोठे करते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापन करतो, त्यामुळे उत्तरपत्रिकांतून ही आई आम्हांला किती वेळा भेटली याची गणती नाही. पण मांडा मुळात कशाचा होतो, हा प्रश्न मात्र गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरातून आमच्यापुढे आला.

मांडा हा पोळीच्या कुळातला सर्वांत नाजूक आणि सर्वांत खर्चिक प्रकार. त्याला गव्हाचे वस्त्रगाळ पीठ लागते. ते सैलसर भिजवून इतके मळायचे, की त्याच्या अंगी ताण सोसण्याचे बळ यावे. मग तो मांडा दोन्ही हातांवर झेलत पसरत न्यायचा आणि पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. खानदेशात पुरणाचे मांडे आजही असेच होतात. हे सारे गव्हाच्या पिठातील चिवटपणामुळे जमते आणि कोंड्यात नेमका तोच नसतो. पिठात कोंडा राहिला, तर मांडा हातावरच फाटतो. तात्पर्य, शब्दशः पाहू जाता कोंड्याचा मांडा होतच नाही. गृहिणीचा गौरव करण्यासाठी भाषेने जी कृती निवडली ती अशक्य कोटीतली आहे, हे आम्हांला मोठे सूचक वाटते. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा सर्वांना ठाऊक आहेच. तिथे पीठ असते. विसोबाच्या आडकाठीमुळे मिळत नाही ते खापर. साधनाची उणीव तिथे एका शरीराने भरून काढली जाते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता थोडे आमच्या घराविषयी. आमच्यापैकी एकजण कायम नोकरीत आहे आणि दुसरा तासिका तत्त्वावर. या तत्त्वाचे तत्त्वज्ञान ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी इतकेच, की शिकवलेल्या तासांपुरते मानधन मिळते, सुटीचे मिळत नाही, आणि जे मिळते तेही महिन्याच्या महिन्याला हाती पडेलच असे नसते. गेल्या वर्षी जूनपासूनचे मानधन नोव्हेंबरात मिळाले. मधल्या काळात घराचा हप्ता तर थांबत नाही. नववीतल्या मुलीची शिकवणीही थांबवता येत नव्हती. ज्याला हात लावता येईल असा एकच खर्च उरला होता, तो म्हणजे किराणा. घरात माणसे चार. चौथ्या म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसऱ्याच्या सासूबाई. घरात त्यांना सगळे आईच म्हणतात, येथेही तसेच म्हणतो.

महिन्याचा किराणा आणि भाजी मिळून साडेनऊ हजारांच्या घरात जात होते, ते सहा हजारांवर आणायचे असे ठरले. मागच्या तीन महिन्यांच्या याद्या घेऊन आम्ही बसलो आणि एखादी संहिता वाचावी तशा त्या वाचल्या. पहिली गोष्ट दिसली ती अशी, की तांदूळ, गहू, ज्वारी आणि डाळी यांचा वाटा आम्ही समजत होतो त्याहून बराच लहान होता. पैसा जात होता तो बिस्किटे, तयार पिठे, सॉस, चीज, मसाल्यांची लहानलहान पाकिटे आणि 'अचानक लागले म्हणून' घरपोच मागवलेल्या वस्तूंवर. या अचानक लागण्याचे आम्हांला पुष्कळ नवल वाटले. ज्या घरात भाजणी दळून ठेवलेली असते, कुळथाचे पीठ असते, मेतकुटाची बरणी भरलेली असते, त्या घराला अचानक काही लागत नाही. साठवणीचे पदार्थ म्हणजे जुन्या गृहिणीने आधीच उरकून ठेवलेली घाई होय.

मग आम्ही त्या दिशेने निघालो. मटकी, मूग आणि हुलगे बाजारातून सुटे आणले. वाटीभर मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी दोन-अडीच वाट्या होते. तिची उसळ चौघांना पुरते आणि उकळलेले पाणी ओतून न देता त्याला जिरे-लसणाची फोडणी देऊन ताक घातले, की कळण होते. पुरणाच्या डाळीचे पाणी कटाच्या आमटीत जाते, हे तर सणावारी प्रत्येक घर करतेच. आम्ही तो न्याय रोजच्या दिवसांना लावला. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर परतून चटणी झाली. फ्लॉवरच्या दांड्या बारीक चिरून पीठ पेरलेल्या भाजीत गेल्या. मुळ्याचा पाला पूर्वी भाजीवालीच्याच टोपलीत राहत असे, तो घरी येऊ लागला. आठवड्यातून एकदा कुळथाचे पिठले, एकदा चकोल्या. तेलासाठी बुधल्यात एक ठरावीक पळी ठेवली आणि महिन्याला पाच लिटरचे तीन लिटर झाले. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती, तेव्हा आमच्या आमटीत मसूर शिरली होती. या वेळी तिला अर्धा वाटा मिळाला. पहिल्याच महिन्यात बिल सात हजारांवर आले आणि तिसऱ्या महिन्यात सहा हजारांच्या किंचित खाली.

चव गेली का? नाही. हे आम्ही काटकसरीच्या प्रचारासाठी सांगत नाही, खरोखरच गेली नाही. मराठी स्वयंपाकातले कितीतरी उत्तम पदार्थ उरलेल्यातूनच जन्मले आहेत, आणि त्यांच्या नावांतून ते उरलेपण सहसा दिसत नाही. शिळ्या पोळीच्या चुऱ्याला कुणी कुस्करा म्हणते, कुणी मनोहरा. तूप कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी, आणि ती साखर घालून खायला मुलांत भांडणे होतात. शिळेपणाला 'शिळे' न म्हणता वेगळे नाव देणे हा अलंकारशास्त्राचा घरगुती उपयोगच आहे. आमच्या मुलीने पहिल्या दिवशी फोडणीची पोळी पाहून नाक मुरडले होते, पण मनोहरा हे नाव ऐकल्यावर ताटली पुढे केली. भाषेचे सामर्थ्य वर्गात सिद्ध करायला आम्हांला इतका सोपा दाखला आजवर मिळालेला नाही.

याच दिवसांत कपाटातली 'रुचिरा' पुन्हा खाली उतरली. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक १९७० सालचे. मराठी घरांत त्याने केलेले मोठे काम म्हणजे माप. 'अंदाजाने', 'चवीपुरते', 'हाताला येईल तसे' या परंपरागत परिभाषेच्या जागी वाटी आणि चमचा आले. स्वयंपाक घराबाहेरून, पुस्तकातून शिकता येऊ लागला. लक्ष्मीबाई धुरंधरांचे १९१० सालचे 'गृहिणी-मित्र' ज्यात मोडते त्या पाकपुस्तकांच्या परंपरेत हा टप्पा महत्त्वाचा आहे आणि त्याचा विचार वाङ्मयीन अंगानेही व्हावयास हवा असे आमचे मत आहे. पण काटकसरीच्या दृष्टीने ही पुस्तके वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. जिन्नसांना माप आहे. करणाऱ्याच्या वेळेला नाही. 'दोडक्याच्या शिरा काढून घ्याव्यात' हे चार शब्द वाचायला क्षणही लागत नाही.

म्हणून आम्ही हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवला. पैशांच्या शेजारी मिनिटे. कडधान्य निवडणे, भिजवणे, बांधणे; पालेभाजी निवडणे; भाजणीचे धान्य भाजणे; गिरणीत जाऊन येणे; आणि बाजार उठायच्या वेळी, भाव उतरल्यावर, पिशवी घेऊन जाणे. दिवसाला सरासरी सव्वा तास वाढला होता. वाचवलेल्या रुपयांना वाढलेल्या तासांनी भागले तेव्हा जो दर आला तो तासिकेच्या मानधनाच्या जवळपासही पोहोचत नव्हता. फक्त तो रोखीने आणि वेळेवर मिळत होता, एवढाच फरक. रकान्यात कुणाची मिनिटे आहेत हेही लिहिले जात होते. २०१९ साली भारतात झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे आढळले होते. आमच्या वहीतले आकडे पहिल्या पंधरवड्यात या सर्वेक्षणाशी विलक्षण इमान राखून होते. पुढे ते बदलले. आमच्यातल्या पुरुषाकडे भाजणी आणि गिरणी आली, मुलीकडे कोथिंबीर आणि लसूण. वही भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असल्यामुळे वादाला जागा उरली नाही.

परंतु एक खर्च असा होता, की तो पैशांच्या रकान्यातही दिसेना आणि मिनिटांच्याही. दुसऱ्या महिन्यात दूध कमी लागू लागले. आम्ही दूध कमी केले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, की आईंनी रात्रीचे दूध सोडले आहे. 'मला आता सोसत नाही' असे त्या म्हणाल्या. दहा दिवसांपूर्वी सोसत होते. मग आम्ही बारकाईने पाहू लागलो. भाकरी शिळी उरली की ती आईंच्या ताटात असे. भाताच्या पातेल्यातली खरवड त्या 'मला आवडते' म्हणून घेत. उसळ चौघांना पुरते असे आम्ही वर लिहिले आहे. ती पुरत असे, कारण चौथे माणूस सर्वांत शेवटी जेवत असे आणि भांड्यात पाहून आपली भूक ठरवत असे. आमच्या घरात काही वाया जात नाही, या वाक्यातला कर्ता कोण, ते असे सापडले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना समजावून सांगताना आपण परदेशी कादंबऱ्यांकडे धाव घेतो. 'मला नको', 'मला भूक नाही', 'मला तेच आवडते' ही तीन वाक्ये मराठी घरात रोज बोलली जातात आणि त्यांचा अर्थ लावायला कुणी बसत नाही. 'श्यामची आई'मधले अळणी भाजीचे प्रकरण आठवावे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही. आणि आई जेवायला बसते तेव्हा तिच्या ते लक्षात येते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकातले हे प्रकरण आपण शिकवतो ते वडिलांच्या संयमासाठी, दुसऱ्याचे मन न दुखवण्याच्या संस्कारासाठी. ते योग्यच आहे. पण ही गोष्ट घडू शकते ती ताटांच्या क्रमामुळे. आई पंक्तीत पहिली, किंवा नुसती बरोबर बसली असती, तर पहिल्याच घासाला मीठ आले असते आणि प्रकरण तिथेच संपले असते. स्वयंपाक करणारी व्यक्ती शेवटी जेवते, हे तिथे सांगावेही लागत नाही. लेखकाला आणि वाचकालाही ते हवेसारखे ठाऊक आहे. आम्ही हे पुस्तक लहान करू पाहत आहोत असा ग्रह कृपया कुणी करून घेऊ नये. त्याने जे जपून नोंदवले आहे, ते वाचायला आम्हांला आईंच्या दुधाचा कप लागला, इतकेच.

महागाईला दुसरे उत्तरही महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १९७२ चे वर्ष मोठ्या दुष्काळाचे. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळत होती. तिच्या भाकरीची आठवण काढली की आई अजूनही तोंड वाकडे करतात. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी निरनिराळ्या पक्षांच्या होत्या. त्यांच्या हाकेला ओ देऊन हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणे घराबाहेर आले याचा अर्थ, तेल का मिळत नाही हा प्रश्न फोडणीत कमी तेल घालून सोडवण्यास त्यांनी नकार दिला. 'कोंड्याचा मांडा' या वाक्प्रचारात असा नकार बसत नाही. तो बाईला शाबासकी देतो आणि कोंडाच का उरला हे विचारत नाही. तासिकेवरचे शिक्षक आपापल्या घरी चटण्या वाटत बसले तर त्यांचेही असेच कौतुक होईल याविषयी आम्हांला शंका नाही.

नोव्हेंबरात मानधन आले. यादी थोडी लांबली: चीज परत आले, मुलीच्या आग्रहाने एक सॉसही. तयार पिठे परत आली नाहीत, पाकिटातले मसालेही नाहीत. कळण आणि कुळथाचे पिठले आता सवयीने होते. दोडक्याच्या शिरांची चटणी चांगली होते म्हणून करतो, वेळ असेल तेव्हा. नसेल तेव्हा शिरा टोपलीत टाकतो. रात्रीचे जेवण मात्र चौघांचे एकदमच वाढले जाते. उसळ आधी चार वाट्यांत काढायची आणि उरेल ते भांड्यात ठेवायचे, असा क्रम झाला आहे. आईंना हे अजून पटलेले नाही. वाट्या मांडल्या की त्या हळूच आपल्या वाटीतले दोन चमचे नातीच्या वाटीत घालतात आणि नात ते परत त्यांच्या वाटीत घालते. या देवघेवीत जेवण पाच-सात मिनिटे लांबते. ती मिनिटे वहीत कुणाच्या नावावर मांडायची ते अजून ठरायचे आहे.