मरोळचा संत योहान

आज २७ डिसेंबर, संत योहानाचा दिवस. मुंबईतल्या मरोळचं चर्च त्याच्याच नावाचं. नाताळचे कागदी तारे अजून दारोदार लटकताहेत. सकाळीच शेजारच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मावशींनी गरम फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या गोल पावांचा, डबा दिला. ‘सणाचा घास’ म्हणाल्या. घरात त्या बोलतात ती मराठीच, जुन्या साष्टीच्या वळणाची. ती कानावर पडली की मला हे गाव आपलं वाटतं.

इथलं जुनं चर्च सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड आहे. जेझुइटांनी ते १५७९ साली बांधलं. १८४० मध्ये साथ आली, माणसं हादरली आणि अख्खी वस्ती मरोळला सरकली. मागे उरल्या छप्पर नसलेल्या भिंती. मला त्या भिंतींपेक्षा सामान बांधून निघालेली माणसंच जास्त आठवतात. नव्या जागी जाऊनही त्यांनी सणवार सोडले नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे.

३१ तारखेला आणखी एक सण, पोप संत सिल्वेस्टरचा दिवस. त्या रात्री पोरं गवत नि जुने कपडे भरून केलेला सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतील.

सीप्झमध्ये रोज कामाला जाणाऱ्यांनो, एकदा त्या भिंतींपाशी थांबा.