आधी संडास, मग कॉम्प्युटर

तर झालं असं. दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळीच जुन्या रूममेटचा फोन. "अरे, आपलं बोर्डिंग बंद करायलेत. चौदाच पोरं राहिलीत."

माझं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. पूर्वी ऑफिसात कुणी गाव विचारलं की "जालन्याकडचं" म्हणून मोकळा व्हायचो. १ सप्टेंबर २०२३ ला तिथं मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या जागी लाठीमार झाला, आणि तेव्हापासून गावाचं नाव घेतलं की समोरचा लगेच आपलं मत सांगायला लागतो. आज तो वाद नको. पण खेड्यातल्या पोरानं शिकायला राहायचं कुठं, हा त्यामागचा प्रश्न मला या बोर्डिंगातच कळला होता.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तिथं काढली. एका खोलीत आठ जण, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी. डबा घरून एसटीनं यायचा. एखाद्याचा डबा बसमध्येच राहिला की सात डब्यांत आठ जण जेवायचे. ज्यांना भाड्याची खोली परवडते ते आता निघून गेलेत. उरलेल्या चौदा जणांसाठी बोर्डिंग बंद म्हणजे कॉलेज बंद.

अमेरिकेत ऑनसाइट असताना ग्रीक अक्षरं लावलेली फ्रॅटर्निटीची घरं पाहिली होती. जुने मेंबर पैसे पाठवतात, घर दुरुस्त होतं. म्हटलं, आपणही करू. आम्ही पाच जणांनी पैसे काढले. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे "पाच कॉम्प्युटर आणि वायफाय" असं जाहीरही करून टाकलं!

पुढच्या शनिवारी तिथं पोचलो. अकरावीतल्या एका पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, कॉम्प्युटर लावता कुठं? बोर्डाला हात लावला की मुंग्या येत्यात." जरा थांबून हळूच म्हणाला, "आणि सकाळी आम्ही स्टँडवरच्या संडासात जातो."

खरं सांगतो, मान वर करवेना. आमच्या वेळेलाही संडास धड नव्हताच. बारा-पंधरा वर्षांत मी ते सोयीस्करपणे विसरलो होतो.

मग यादी पोरांनीच केली. सेप्टिक टँक उपसला, संडासाची भांडी बदलली, टाकी घासली. वायरमन म्हणाला, अर्थिंगची तार तुटून किती दिवस झाले देव जाणे. ती जोडून घेतली, लीकेज ब्रेकर बसवला. स्लॅबवरच्या पाण्याच्या पाइपात पिंपळ उगवला होता, म्हणून पाणी साचून भिंतीत उतरत होतं. तो मुळासकट काढला. खाटा अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. ढेकणांची लपलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. रंग सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात.

हे असं बोर्डिंग ही आपल्याकडची जुनी गोष्ट. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग इतर समाजांची निघाली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं. शाळा काढून भागत नाही, पोराला आधी छप्पर आणि भाकरी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत, आणि कामंही पोरांनीच करायची.

आमचं नेमकं हेच सुटलं होतं. पाळी! टाकी कुणी घासायची, संडास कुणी धुवायचा, हे ठरलेलंच नव्हतं. मी लॅपटॉप काढून एक्सेलमध्ये झक्कास शीट बनवली. पोरांनी ती कौतुकानं पाहिली आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं चौदा नावं लिहिली. तीच चालली.

बंद करायचं सध्या तरी लांबलंय. परवा त्याच पोराचा फोन आला. आता एकोणीस जण झालेत, आणि पाळी चुकवणाऱ्याला सगळ्यांचे डबे धुवावे लागतात.

"दादा, आता कॉम्प्युटर आणले तरी चालतील," म्हणाला.

सध्या दोनच पाठवतोय. जुने आहेत, पण चालतात.