नावावरून काढलेला माग

कात्रप, बदलापूर (पूर्व)
डिसेंबर २०२५

प्रिय छोट्या,


तू पाठवलेला ‘राजी : कलियुग’ या व्हिडिओ गेमचा टीझर मी अजून उघडलेला नाही. त्यासोबतचं तुझं लांबलचक टिपणही तसंच ठेवलंय. रागावू नकोस. आधी नुसत्या नावावरून काय सुचतं ते कागदावर उतरवायचं, तुला धाडायचं आणि मगच बघायचं, असं मी ठरवलंय. एकदा बघून झालं की जे दिसलं तेच आपल्याला आधीपासून वाटत होतं, असं मन बेमालूम पटवून देतं. फोनवर तू घाईघाईत एवढंच बोललास, की राजी आणि तिचा भाऊ या वेळी समोरासमोर उभे ठाकतील. ते कानावर पडलंच आहे, तर तेवढं धरून चालते.

राजीचा पहिला खेळ पुण्यात घडला याचं अप्रूप मला अजून ओसरलेलं नाही. तो घडवणारी नॉडिंग हेड्स गेम्सची मंडळी मूठभर. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न साधला नाही, तरी ते थांबले नाहीत, आणि ऑगस्ट २०२०मध्ये, सगळं जग घरात बसलेलं असताना, ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. तू तेव्हा लहान होतास. तुला फक्त त्रिशूळ घेऊन कोलांट्या मारणारी मुलगी आवडली होती. मला आवडले ते मधले बाहुल्यांचे प्रसंग. पडद्यामागे दिवा, पुढे सावल्या. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याच जातकुळीतले. आणि सगळी गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत सांगतात, हे तर फारच देखणं. राजी ही सर्कशीतली पोर, तिच्या भावाला, गोलूला, असुर उचलून नेतात, आणि ती त्याला शोधत निघते. एवढीच गोष्ट. शेवट मात्र झटका बसल्यासारखा तुटतो. पुढचा भाग येणार याचा पहिला पुरावा तो तुटका शेवटच होता.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. अशा टीझरवरून अंदाज बांधणं म्हणजे रिकामा वेळ घालवणं आहे का, असं तू विचारलंस. मला तसं अजिबात वाटत नाही. पण अंदाज कशावर उभा आहे हे दरवेळी वेगळं लिहून ठेवलं पाहिजे. चौकटीत खरोखर काय दिसलं, मागच्या खेळातून काय माहीत होतं, आणि आपल्याला काय हवंहवंसं वाटत होतं. ही तिन्ही एकात मिसळली की अंदाज चुकला तरी का चुकला ते कळत नाही.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपण दोघांनी मिळून पाहिलंय. २०१९चा पावसाळा आठवतो? तू आमच्याकडे होतास. जुलैअखेरीस उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. शाळा बंद, लोकल बंद, वीज नाही. फोनमध्ये उतरवून ठेवलेला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या झेल्डा मालिकेतल्या खेळाच्या पुढच्या भागाचा टीझर आपण चार्ज संपेपर्यंत थांबवत थांबवत पाहिला होता. जूनमध्ये निन्टेंडोने तो दाखवला तेव्हा खेळाला नावसुद्धा नव्हतं; पुढचा भाग तयार होतो आहे, एवढीच ओळ शेवटी होती.

त्यात होतं तरी काय? नायक लिंक आणि राजकन्या झेल्डा मशाल घेऊन जमिनीखाली उतरतात. भिंतींवर कोरीव चित्रं. एक वाळलेला देह, आणि त्याला दाबून धरणारा हिरव्या तेजाचा हात. हात सुटतो, देहाचे डोळे पेटतात, वर हायरूल राज्याचा किल्ला हादरून उचलला जातो. झेल्डाचे केस कापलेले. एवढ्या सामग्रीवर जगभरच्या खेळाडूंनी चार वर्षं काढली.

देह या मालिकेतल्या जुन्या खलनायकाचा, गॅनॉनडॉर्फचा, हे बहुतेकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. लाल केस, कपाळावरचा दागिना, आणि १९९८च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’पासूनची ओळख. दिसलेलं आणि आठवलेलं जुळलं, आणि तो अंदाज खरा ठरला. केस कापलेत म्हणजे या वेळी झेल्डाही खेळायला मिळणार, असं कितीतरी जणांना वाटलं. तूही त्यात होतास. तिथे चौकटीत फक्त केस होते, बाकी सगळी इच्छा. खेळ १२ मे २०२३ला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या नावाने आला तेव्हा त्यात झेल्डा खेळता येत नव्हती. पण पुढे सप्टेंबर २०२४मध्ये ‘एकोज ऑफ विज्डम’ आला आणि त्यात झेल्डाच नायिका झाली. म्हणून हवंहवंसं वाटणाऱ्या गोष्टींना मी कमी लेखत नाही; त्या पुराव्याच्या रकान्यात घालू नयेत एवढंच.

काहींनी टीझरचं संगीत उलटं वाजवून पाहिलं होतं. मला तेव्हा तो अतिरेक वाटला नव्हता आणि आज तर मुळीच वाटत नाही, कारण वस्तूचा काळ मागे फिरवणं ही त्या खेळातली एक मुख्य शक्ती निघाली आणि झेल्डा स्वतः भूतकाळात जाते यावर सगळी कथा उभी आहे.

मला मात्र सर्वांत जास्त शिकवलं ते दुसऱ्या टीझरने. जून २०२१मध्ये तो आला आणि त्यात आकाशात तरंगणारी बेटं दिसली. लिंकचे केस मोकळे, अंगावर पुरातन वेश, हात बदललेला. लगेच चर्चा सुरू झाली, की हा लिंक नव्हेच, हा कुणी हजारो वर्षांपूर्वीचा वीर. तो लिंकच होता. हात तेवढा राउरू राजाचा. पण या चर्चेत सगळ्यांच्या माना वर वळल्या त्या वळल्याच. पहिला टीझर बहुतेक जमिनीखाली घडला होता हे मागे पडलं. खेळ हातात आल्यावर मोठा धक्का बसला तो खालीच: अख्ख्या हायरूलखाली पसरलेला दुसरा अंधारा मुलूख. तो दाखवण्याचं त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत टाळलं, आणि तरी त्याची वाट पहिल्याच टीझरमध्ये मशाल धरून दाखवली होती. म्हणून सांगते, नवी चित्रफीत आली की जुनी पुसू नकोस. दोन्ही शेजारी ठेवून बघ.

आणखी एक. त्या खेळाचं नाव त्यांनी मुद्दाम दाबून ठेवलं होतं. नाव कळलं तर कथेचा सुगावा लागेल, असं निन्टेंडोच्या माणसांनी २०२१ साली सांगितलं होतं. नाव सप्टेंबर २०२२मध्ये जाहीर झालं. त्यातले अश्रू म्हणजे राज्यभर विखुरलेल्या झेल्डाच्या आठवणी आहेत, हे खेळल्यावरच उमगलं. म्हणजे नाव हा पुरावा धरायला हरकत नाही.

उलट नुसत्या भूदृश्यावरून काढलेल्या अंदाजांबद्दल मी फार जपून असते. ‘स्कायरिम’ २०११चा. त्याच्या पुढच्या, सहाव्या ‘एल्डर स्क्रोल्स’चा टीझर जून २०१८मध्ये आला: डोंगर, किनारा, संगीत आणि नाव. त्या डोंगरांच्या रेषा नकाशावर ठेवून हा त्या जगातला हॅमरफेल प्रांत की हाय रॉक हा वाद अजून चालू आहे, आणि खेळाचा पत्ता नाही. पाऊस संपून हवा निवळली की आमच्या गच्चीवरून चंदेरीचा सुळका दिसतो. तोच वांगणीच्या पुढे लोकलच्या खिडकीतून पाहिला तर दुसराच डोंगर वाटतो. कॅमेरा कुठे उभा आहे हे ठाऊक नसताना डोंगराला नाव देणं म्हणजे तसंच.

आता ‘कलियुग’. इथे आपल्याकडची माणसं जपान-अमेरिकेतल्या खेळाडूंच्या दोन पावलं पुढे असायला हवीत. सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात, त्यात आपण कलियुगाच्या पहिल्या चरणात आहोत हे येतंच. चार लाख बत्तीस हजार वर्षांचं युग, त्यातली पाच हजारांवर थोडी सरली. तेव्हा कलियुग म्हणजे कुठल्याशा दूरच्या भविष्यातला विनाश, असा अर्थ परदेशी लेख लावतील, तो मला पटणार नाही. माझा पहिला अंदाज असा: ही गोष्ट युग बदलतानाच्या सांध्यावर घडेल. देव अजून बोलतात पण त्यांचा आवाज क्षीण होत चाललाय, अशा वेळी. पहिल्या भागात दुर्गा आणि विष्णू सतत बोलत होते. दुसऱ्यात त्यांचं बोलणं तुटक झालं, किंवा एकटी दुर्गाच उरली, तर हा अंदाज खरा धर.

दुसरा अंदाज शत्रूचा. पहिल्या भागातला महाबलासुर हा समोर उभा राहून लढणारा असुर होता. कलियुगाला ज्याचं नाव तो पुराणांतला कली तसा नाही. भागवतात परीक्षित राजाला तो भेटतो तेव्हा तो एका पायावर उभ्या बैलाला मारत असतो. तो बैल म्हणजे धर्म. राजा तलवार उपसतो तर हा पायांवर लोळण घेतो आणि राहायला जागा मागतो. जुगार, मद्य अशा जागा मिळाल्यावर वर सोनंही मागून घेतो. महाभारताच्या वनपर्वात तर तो आणखी धूर्त आहे. नल राजाच्या अंगात शिरण्यासाठी तो बारा वर्षं टपून बसतो आणि एके दिवशी नल पाय न धुता संध्येला बसतो, तेवढ्या फटीतून आत जातो. रघुनाथ पंडितांमुळे आपल्याकडे नल म्हटलं की हंस आठवतो; पुढची ही भयंकर कथा कुणी आठवत नाही. कली शिरतो आणि मग काय करतो, सांग? नलाच्या भावाला, पुष्कराला, द्यूत खेळायला उठवतो. कलीचा सोबती द्वापर फाशांत शिरतो. भावाच्या हातून भावाचं राज्य जातं.

म्हणून फोनवरचं तुझं वाक्य मला खिळवून गेलं. भाऊ-बहीण समोरासमोर येतील असं तुला वाटलं ते बहुधा चौकटीत काही पाहून. मी काही न पाहता, नावावरून, तुझं वाक्य कानावर असलं तरी, त्याच जागी पोचते आहे. दोन वेगळ्या वाटांनी निघून एकाच ठिकाणी आलो, तर त्या अंदाजाचं वजन वाढतं. (तू तो चौकटीतून काढलास की मनाच्या ओढीने, ते मात्र मला प्रामाणिकपणे कळव.)

तेव्हा टीझर बघताना मी शोधणार आहे ते असं: फासे, एक पाय उरलेला बैल, नको इतकं झळकणारं सोनं, आणि बेहड्याचं झाड. बेहडा का, ते सांगते. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याची पानं-फळं मोजून दाखवतो, नल त्याच्याकडून फाशांची विद्या शिकतो, आणि त्या क्षणी कर्कोटक नागाच्या विषाने पोळलेला कली बाहेर पडून त्याच झाडात दडतो. बारवीच्या जंगलात बेहडे पुष्कळ आहेत. पान, खोड नीट पाहून ठेव. चित्रकाराने नेमकं तेच झाड काढलं असेल तर ते सहज काढलेलं नसणार.

वास्तूंकडेही बघ. पहिल्या भागात राजस्थानी किल्ले आणि झरोके होते. या वेळी दगडी शिखरं दिसली तर ती कुठल्या घडणीची आहेत ते ओळखायला आपल्याला लांब जायला नको. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६०चं, भूमिज शैलीतलं. तिथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, देव मंडपाच्या पातळीच्या खाली आहे. खाली उतरायला लावणारी जागा टीझरमध्ये असली तर तिच्यावर जास्त वेळ थांब. झेल्डाच्या बाबतीत काय झालं ते वर लिहिलंच आहे. नाताळच्या सुट्टीत आलास तर एक सकाळ तिथे काढू. वही आण, बाहेरच्या भिंतींवरचे थर चितारून घे. नुसत्या फोटोत ते थर एकमेकांत मिसळतात.

आता शेवटचा अंदाज, ज्यावर मी ठाम आहे. भाऊ शत्रूच्या बाजूला गेलेला असो वा नसो, राजी त्याला मारणार नाही. नलाने राज्य परत जिंकलं तेव्हा पुष्कर त्याच्या मुठीत होता. त्याने त्याला क्षमा केली, त्याचा वाटा दिला आणि मानाने त्याच्या नगराला धाडलं, कारण घडलं ते कलीने घडवलं हे त्याला ठाऊक होतं. पहिला संपूर्ण खेळ एका भावाला परत आणण्यासाठी खेळवणारी माणसं दुसऱ्यात बहिणीच्या हातून त्याचा वध करवणार नाहीत. ती कलीला त्याच्या अंगातून बाहेर काढतील, आणि ते काम त्रिशुळाने होणारं नाही. राजीला एखादी विद्या शिकावी लागेल, तीही काहीतरी देऊन. नलाने घोड्यांची विद्या देऊ केली तेव्हा त्याला फाशांची मिळाली होती. राजीकडे द्यायला काय आहे, हे तू शोध. सर्कशीतल्या त्या पोरीच्या कसरतींत ते दडलं असावं असं मला वाटतं, पण त्याला अजून आधार सापडलेला नाही.

तुझी,
मावशी