गणती: राजाची आणि मेंढपाळाची

ख्रिस्ती मंडळी म्हटली कीं उपासना, भजनें आणि नाताळ एवढेंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतें. पण या सर्वांच्या पाठीमागें जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्यांनीं भरलेलें एक कपाट उभें असतें, याची कल्पना थोड्यांनाच असेल. इंग्लंडांत १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेलनें प्रत्येक चर्चला बाप्तिस्मे, विवाह आणि दफनें यांची वही ठेवण्याचा हुकूम सोडला. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं अहमदनगरास आपलें ठाणें स्थापिलें, आणि नोंदीची ही वहिवाट मिशनऱ्यांबरोबर आमच्याकडेही आली. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. वह्यांची वहिवाट मात्र तीच.

हें कपाट आतां संगणकांत हलवावें असें आमच्या पंच कमिटीनें ठरविलें आहे, आणि त्यासाठीं सॉफ्टवेअर निवडण्याचें काम तिघां जणांवर सोंपविलें आहे. त्या तिघांत मी आहें. मी जन्मभर इंग्रजी काव्य शिकवीत आलों. पण माहितीपत्रकें इंग्रजींत आहेत, एवढ्याच पुण्याईवर माझी नेमणूक झाली असावी.

मालाला कांहीं उणीव नाहीं. अमेरिकेंत तयार झालेलें ‘प्लॅनिंग सेंटर’ आहे; त्याच्या बहुतेक विभागांचें भाडें महिन्याच्या महिन्याला, आणि तेंही डॉलरांत. उलट ‘चर्चसीआरएम’ हें मुक्त आणि फुकट आहे. पण तें आपल्याच सर्व्हरवर बसवून त्याची निगा आपणच राखावी लागते. म्हणजे एकीकडे पैसा पाहिजे, तर दुसरीकडे जाणता माणूस.

किंमत, सोय आणि शोभा यांवर आमची चर्चा बराच वेळ चालली. मला मात्र अडविलें तें एका लहानशा सोयीनें. अशा कांहीं सॉफ्टवेअरांत सलग कांहीं रविवार न आलेल्या माणसांची यादी आपोआप तयार होते. सोय उत्तम आहे. पण आमच्या मंडळींतील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. तितके महिने तीं आमच्या बांकांवर दिसत नाहींत. यंत्राच्या हिशेबीं तीं ‘निष्क्रिय’. प्रत्यक्षांत तीं कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राबत असतात.

पवित्र शास्त्रांत दोन गणत्या सांगितल्या आहेत. दावीद राजानें सेनापति यवाबाकडून लढाऊ पुरुषांची गणती करविली. ती देवास आवडली नाहीं, आणि देशांत मरी पसरली. दुसरी गणती येशूच्या दृष्टांतांतल्या मेंढपाळाची. नव्याण्णव मेंढरें जागेवर असतां शंभरावें नाहीं, हें त्याला कळलें तें मोजल्यामुळेंच. तेव्हां मोजण्यांत पाप नाहीं. राजा आपलें बळ किती हें पाहण्यासाठीं मोजतो. मेंढपाळ मोजतो तें कोण आलें नाहीं हें पाहण्यासाठीं. एकाच सॉफ्टवेअरमध्यें या दोन्ही गणत्या होऊं शकतात. कोणती करावयाची, हें त्यांतील रकाने कोणते आणि किल्ल्या कोणाच्या हातीं, यावरून ठरतें.

दानाचेंच घ्या. हिशेबतपासनिसाला प्रत्येक पैशाची नोंद दिसली पाहिजे, यांत वाद नाहीं. पण कोणत्या घरानें किती दिलें हें कमिटींतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रकमेच्या क्रमानें दिसूं लागलें, तर दोन नाणीं टाकणारी गरीब विधवा यादीच्या तळाशीं जाईल. येशूनें तर तिला सर्वांच्या वर बसविलें होतें.

पाळकसाहेबांच्या टिपणांचें प्रकरण याहून नाजूक आहे. आजार, कर्ज, नवराबायकोंतील तंटा हें सारें लोक त्यांच्यापाशीं विश्वासानें बोलतात. पूर्वी त्याला कपाटाचें कुलूप आणि पाळकांचें मौन पुरे होतें. युरोपच्या कायद्यानें माणसाच्या धर्मश्रद्धेविषयींच्या माहितीला विशेष संरक्षण दिलें आहे. आपल्याकडील वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यांत तशी वेगळी वर्गवारी नाहीं. आणि कोणाचा बाप्तिस्मा केव्हां झाला, याची घरच्या पत्त्यासह तयार यादी परक्या हातीं पडावी, असे हे दिवस नव्हेत.

म्हणून माझें मत मी त्या फुकट सॉफ्टवेअरला देणार आहें. मंडळींतील दोन शिकलेल्या तरुणांनीं त्याची निगा पत्करली आहे. माझ्या अटी तीन. दानाचा रकाना खजिनदार आणि हिशेबतपासनीस यांच्याखेरीज कोणालाही उघडतां येऊं नये. पाळकांचीं टिपणें संगणकांत शिरूंच नयेत. आणि उद्यां हें सॉफ्टवेअर सोडावें लागलें, तर सर्व नोंदी साध्या तक्त्यांत बाहेर काढतां आल्या पाहिजेत. पुठ्ठ्याची वही कांहीं भाडें थकलें म्हणून मिटत नाहीं.

शिवाय एक रकाना आम्हीं वाढवून घेतला पाहिजे: ऊसतोडीला कोणत्या कारखान्यावर गेले आणि केव्हां परतणार. मग तीं कुटुंबें निष्क्रियांच्या यादींत पडणार नाहींत, आणि जानेवारींत एखाद्या रविवारीं पाळकसाहेबांना त्या तळावर जाऊन उपासनाही घेतां येईल. तसें झालें तर डॉलरांत भाडें न भरतांही आम्हीं बरेंच कांहीं मिळविलें, असें मी म्हणेन.