मालकांची संघटना आणि आमची वही

एस.टी.त एकतीस वर्षे कंडक्टरकी केलेल्या माणसाला दोन सवयी जडतात. एक, उभ्याउभ्या डुलकी घेण्याची. दुसरी, दिवसाचा हिशेब मांडल्याशिवाय अंथरुणाला पाठ न लावण्याची. निवृत्त झाल्यावर आमची पहिली सवय सुटली, दुसरी काही सुटली नाही. वेबिल नाही, भरणा नाही, तरी रोज रात्री जेवण झाले की आम्ही दोनशे पानी वही काढून बसतो. दूध, गॅस, रक्तदाबाच्या गोळ्या, विहाराची वर्गणी. आमच्या घरच्या मंडळी म्हणतात, "एवढ्याशा पेन्शनीला एवढा मोठा हिशेब!"

२०२५ सालच्या वहीत एक पान पुतणीच्या नावाचे आहे. आमचा धाकटा भाऊ २०१९ साली वारला. भावजय हळदीच्या कामावर जाते. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. काढणी, शिजवणी, वाळवण, निवडणी असे करत चार-पाच महिने बायांच्या हाताला काम असते आणि बोटे वर्षभर पिवळी असतात. त्या पिवळ्या बोटांनी तिने पै पै करून मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे साठवले. थोडी भर आम्ही घातली, थोडी तिच्या माहेरने. एकूण ६२,००० रुपये. नांदेडला प्रवेश ठरला होता आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरायचे होते.

पैसे भावजयीच्या बँक खात्यात होते. तिच्याकडे साधा बटनांचा फोन. म्हणून खाते थोरल्या मुलाच्या, म्हणजे आमच्या पुतण्याच्या मोबाईलला जोडलेले. तो मोंढ्यात हळदीची पोती उचलतो. तेवीस वर्षांचा, निर्व्यसनी. पान नाही, गुटखा नाही, दारू नाही. त्याच्या निर्व्यसनीपणाचे दाखले आम्ही वस्तीतल्या इतर पोरांना देत असू, हे आधीच कबूल करतो.

फी भरायच्या दिवशी बँकेत पासबुक छापून घेतले. शिल्लक ४१२ रुपये. भावजयीला वाचता येत नाही. ती आमच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि आम्ही त्या आकड्याकडे. एकतीस वर्षांत आमच्या भरण्यात कधी पाच रुपयांचा फरक आला नव्हता.

पुतण्या त्या दिवशी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. मंडळींनी दोन दिवस चूल धड पेटवली नाही. विहिरी, रेल्वेचा रूळ, सगळे वाईट विचार मनात येऊन गेले. ते येथे सविस्तर लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या सोबत्याने त्याला पूर्णा जंक्शनच्या फलाटावर बसलेला पाहिले आणि आम्हाला कळवले. आम्ही गेलो. रागवायचे शंभर शब्द वाटेत जमवले होते. त्याला पाहिल्यावर एकच निघाला, "जेवलास का?"

मग गाडीत त्याने सांगितले. मोबाईलवर पैसे लावून रमी. आधी जाहिरात, त्यात मोठमोठे खेळाडू. पहिल्यांदा खेळायला ॲपनेच पन्नास रुपये दिले. मग एका रात्री नऊशे जिंकला. तेव्हा आम्हाला एकदम आठवले. भीमजयंतीच्या आठवड्यात तो अर्धा किलो जिलेबी घेऊन आला होता. "कशाची रे?" असे मंडळींनी विचारल्यावर "मोबाईलवर खेळ जिंकलो, मोठी माय" म्हणाला होता. सगळे हसले. आम्ही तीन जिलेब्या खाल्ल्या.

गाडीत आम्ही त्याला म्हणालो, "अरे, पण हा जुगार आहे हे तुला कळलं न्हाई?"

तो म्हणाला, "जुगार न्हाई मोठे बाबा, कौशल्याचा खेळ हाय. कोर्टानंच सांगितलंय. तसं लिहून येतंय त्याच्यात." आणि थोडे थांबून खाली मान घालून म्हणाला, "अन् तुम्ही बी लाटरीचं तिकीट घेत होताच की."

हे खरे होते. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली आणि नोकरी लागल्यापासून आम्ही सणावाराच्या बंपर सोडतीचे एक तिकीट घेत आलो. एकदा शंभर रुपये लागले, त्याचे वस्तीभर कौतुक झाले. आमच्या वडिलांनी तर मटकाही खेळला. मुंबईत १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी सुरू केलेला तो आकड्यांचा धंदा चिठ्ठीचिठ्ठीने खेड्यापर्यंत पोचला होता. माय मजुरीचे पैसे ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवायची आणि बाबा ते बरोबर हुडकून काढायचे. पण त्यासाठी टपरीपर्यंत चालत जावे लागे, रस्त्यात चार माणसे भेटत, लाज वाटत असे. पुतण्या गोधडीत पडल्यापडल्या खेळला. रात्री बारानंतर. आम्ही त्याच भिंतीच्या पलीकडे झोपलेलो.

कोर्टाने सांगितले ते काय, हे आम्ही नंतर एका वकील कार्यकर्त्याकडून समजून घेतले. सिकंदराबादच्या एका क्लबचे प्रकरण होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, डोके लागते, म्हणून तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही. हे अर्धे झाले. उरलेले अर्धे असे की क्लबचा मालक जर पैशावरच्या त्या डावातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. जाहिरातीत पहिले अर्धे असते. दुसरे अर्धे आम्ही साठी उलटल्यावर प्रथमच ऐकले.

आणि नफा कसा निघतो ते कंडक्टरला समजावून सांगावे लागत नाही. समजा सहा जणांनी शंभर-शंभर लावले. सहाशे झाले. कंपनीने शेकड्याला दहा काढून घेतले, जिंकणाऱ्याला पाचशेचाळीस. तेच पैसे पुन्हा लावले, पुन्हा दहा टक्के गेले. असे दहा डाव झाले की सहाशेतले दोनशे नऊ उरतात. पत्ते कोणाला कसेही येवोत. उतारू चढतात, उतरतात, भाडे मात्र एकाच पिशवीत जमा होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. या कंपन्यांच्या संघटना आहेत. ऑल इंडिया गेमिंग फेडरेशन ही २०१६ पासूनची. फॅन्टसी क्रिकेटवाल्यांची फेडरेशन ऑफ इंडियन फॅन्टसी स्पोर्ट्स २०१७ पासूनची. शिवाय ई-गेमिंग फेडरेशन. संघटना या शब्दाबद्दल आम्हाला लहानपणापासून आदर. नोकरीत चंद्याच्या पावत्या फाडल्या, मोर्च्यात चाललो. म्हणून या संघटना काय करतात ते आम्ही मन लावून वाचले. कबूल केले पाहिजे, काम चोख. कर्नाटक सरकारने पैशावरच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली, तर ऑल इंडिया गेमिंग फेडरेशन न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती तरतूद रद्द करून आणली. तामिळनाडूने कायदा केला, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात रमी आणि पोकर त्यातून सोडवून घेतले. तामिळनाडूने मग मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पैशाचे खेळ बंद ठेवण्याचा नियम केला, तो मात्र जून २०२५ मध्ये न्यायालयात टिकला. आमच्या पुतण्याचे बहुतेक पैसे याच पाच तासांत गेले. पण हिंगोली तामिळनाडूत नाही.

६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने असेही नियम काढले होते की कोणता खेळ योग्य, कोणता अयोग्य, हे स्वनियमन संस्थांनी तपासून ठरवावे, आणि अशा संस्था उद्योगानेच उभ्या करायच्या होत्या. म्हणजे कंडक्टरांनी मिळून आपलेच चेकिंग पथक नेमावे तसे. सरकारने पुढे त्यातली एकही संस्था मान्य केली नाही. मार्च २०२५ मध्ये तिन्ही संघटनांनी मिळून एक आचारसंहिता केली. अठरा वर्षांखालील मुलांना मज्जाव, ओळखपत्राची तपासणी, आणि खर्चाला मर्यादा. मर्यादा कोणी ठरवायची? खेळणाऱ्यानेच.

जुलै २०२५ मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची सभागृहात मोबाईलवर रमी दिसणारी चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेर त्यांचे खाते बदलले. आमच्या वस्तीत त्यावर विनोद चालले होते, तेव्हा आमच्या घरातले पैसे जात होते आणि आम्हीही हसत होतो.

मग २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत विधेयक मंजूर झाले, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैशावरचे सगळे ऑनलाईन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे, पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. भारतीय संघाच्या अंगावरचे ड्रीम इलेव्हनचे नावही उतरले. फी बुडून तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

विधेयक येताच तिन्ही संघटनांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिले. दोन लाख नोकऱ्या जातील, चारशेहून जास्त कंपन्या बंद पडतील, आणि आम्ही वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त कर भरतो, असे त्यात होते. सरकारचा अंदाज असा की ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये हरतात. आम्ही दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले आणि बराच वेळ पाहत बसलो. एका कागदावर कर, दुसऱ्या कागदावर नुकसान, आणि रक्कम जवळजवळ तीच. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून सरकार लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जी.एस.टी. घेत होते, तेव्हा या पिशवीत सरकारचाही हात होता हे विसरून चालणार नाही.

नोकऱ्यांचे म्हणणे आम्ही थट्टेवारी नेत नाही. नोकरी जाणे काय असते ते ज्याचे त्याला ठाऊक. पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी पुण्यात अशाच एका कंपनीत फोनवर बोलण्याच्या कामाला होती. ऑगस्टअखेर पेटी घेऊन घरी आली. बापाला दमा. ती आमच्या मंडळींना म्हणाली, "काकू, जे लोक आठ-दहा दिवस खेळले नाहीत त्यांना फोन करून बोनस सांगायचा, हे माझं काम होतं." म्हणून ती रडली. पगार गेला म्हणूनही रडली. दोन्ही खरे होते.

संघटनांचा आणखी एक मुद्दा आहे. बंदी आली की लोक परदेशी चोरट्या ॲपकडे वळतील. हा मुद्दा स्वार्थाचा असला तरी खोटा नाही. सप्टेंबरातच पुतण्याच्या एका मित्राला नव्या खेळाची लिंक आली. पत्ता नाही, नाव नाही, तक्रार कोणाकडे करायची ते नाही.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट वाचली, ती आपल्या घरांत सांगण्यासारखी आहे. १९४९ साली संविधान सभेत राज्यांच्या सूचीतून 'पैज आणि जुगार' ही नोंदच काढून टाका, असा काही सदस्यांचा आग्रह होता. असला शब्द संविधानात कशाला, ही त्यामागची भावना. बाबासाहेबांनी तो आग्रह मान्य केला नाही. त्यांनी दाखवून दिले की नोंद काढल्याने जुगार जात नाही. उलट राज्यांच्या हातात त्याला आवरण्याचा अधिकारच उरत नाही. नोंद असेल तर परवानगीही देता येते आणि बंदीही घालता येते. तीच नोंद आज राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. कंपन्यांनी २०२५ च्या कायद्याला आव्हान दिले, त्यात विषय राज्यांचा की केंद्राचा हाही वाद आहे. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांतल्या याचिका आपल्याकडे घेतल्या. तिकडे मोठमोठे वकील उभे राहतील. हरलेल्या ४५ कोटींची मात्र कोठे संघटना असल्याचे आमच्या वाचनात नाही. हरलेला माणूस सांगतच नाही, तो पूर्णेच्या फलाटावर जाऊन बसतो. संघटना कशी व्हायची?

वर्षावासात विहारात सिगालोवाद सुत्त झाले. त्यात भगवंतांनी गृहस्थाला जुगाराचे तोटे सांगितले आहेत. पैसे जातात हे तर आहेच, पण जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत वजन राहत नाही आणि त्याला कोणी मुलगी देत नाही, असेही आहे. पुतण्या मागे भिंतीला टेकून बसला होता. ते वाक्य आले तेव्हा दोघा-तिघांनी वळून पाहिले. आम्हाला त्या वळून पाहणाऱ्यांचाच राग आला.

फी शेवटी भरली. मंडळींच्या पाटल्या गहाण पडल्या, उरलेले बचत गटातून उचलले. एकूण ६२,००० रुपये, आठवडा उशिरा. कॉलेजने थांबून घेतले. पुतणी नांदेडला आहे, पांढऱ्या गणवेशातला फोटो भावजयीने देव्हाऱ्याच्या जागी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला आहे.

पुतण्याने फोन आईच्या हाती दिला. तिला तो वापरता येत नाही, म्हणून ती तो ज्वारीच्या डब्यात ठेवते. आमच्या मायेची कणगी आठवली, पण बोललो नाही. तो दर शनिवारी मोंढ्यातून येतो, आमच्यासमोर सातशे रुपये ठेवतो, आणि आम्ही लिहीपर्यंत उठत नाही. बावीस शनिवार झाले. दोन शनिवार काम नव्हते, तेव्हा तो रिकाम्या हाताने आला आणि तरी येऊन बसला. त्या दोन्ही रकान्यांत आम्ही 'नागा' लिहिले.

आता नवी हळद यायला लागली आहे. परवाच्या शनिवारी त्याने विचारले, "मोठे बाबा, किती राहिले?"

आम्ही वही त्याच्याकडे सरकवली. त्याने स्वतः बेरीज केली, वजाबाकी केली आणि खाली त्याच्याच अक्षरात लिहिले : जमा १४,०००. बाकी ४८,०००.